टाके निघाल्यानंतरची वर्षे

वजन कमी करण्यासाठी पोटावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी आणि त्यांनी काढलेल्या आकृत्यांनी सांगितला जातो. कोणी आतडे कोठे कापून कोठे जोडले, कोणी जठराचा केवढा भाग शिल्लक ठेवला आणि कोणत्या वर्षी त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, याची ती नोंदवही असते. मात्र गेल्या सात दशकांतील घडामोडी बारकाईने पाहिल्या तर असे ध्यानात येते की, या शस्त्रक्रियेचे नवे प्रकार शल्यविशारदाच्या कल्पनेतून जितके निघाले, त्याहून अधिक ते आधीच्या प्रकारातून पार पडलेल्या माणसांनी पुढे दहा-पंधरा वर्षे घरी राहून जे भोगले त्यातून निघाले. जुलाब, मुतखडा, गोड खाल्ल्यावर येणारी घेरी, पोटावरची लोंबणारी कातडी, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पुन्हा हलू लागलेला वजनकाट्याचा काटा, या गोष्टींनीच पुढची आकृती कशी असावी हे ठरवले. त्यामुळे या शस्त्रक्रियेचा इतिहास हा मुख्यतः टाके निघाल्यानंतरच्या वर्षांचा, आणि रुग्णांचे वय पाहता चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांचा इतिहास आहे.

वैद्यकाच्या या शाखेला ‘बॅरिॲट्रिक’ असे म्हणतात. ग्रीक भाषेत ‘बारोस’ म्हणजे भार आणि ‘इयात्रिकोस’ म्हणजे वैद्यकाशी संबंधित, असा त्या नावाचा विग्रह आहे. महाराष्ट्रात बोलताना मात्र सरसकट ‘वजनाचे ऑपरेशन’ असेच म्हटले जाते, कारण ‘बायपास’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम हृदयच येते. अतिस्थूलता हा रोग मानण्याची कल्पना भारताला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात आठ प्रकारच्या निंदित शरीरांची गणना असून त्यांतही अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा विशेष विचार केला आहे, आणि या दोघांत कृश बरा असा निर्वाळा दिला आहे. वाग्भटाने त्याचे कारण असे सांगितले की, स्थूलाला पोषण देऊन भागत नाही आणि लंघनानेही त्याचा वाढलेला मेद, अग्नी व वात ताब्यात येत नाहीत. भूक हा केवळ इच्छेचा दुबळेपणा नसून शरीरातच वसणारी एक ताकद आहे, हे निरीक्षण त्यात आहे; आधुनिक शल्यवैद्यकाला तेथपर्यंत पोहोचायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

या शस्त्रक्रियेची पूर्वपीठिका वजनाशी नव्हे तर कर्करोगाशी आणि अल्सरशी, म्हणजे जठरातील व्रणाशी, निगडित आहे. थिओडोर बिलरोथ यांनी १८८१ साली व्हिएन्नात जठराचा रोगग्रस्त भाग यशस्वीपणे काढून टाकला, आणि त्यानंतरच्या अर्धशतकात अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढणे ही नित्याची शस्त्रक्रिया झाली. जठराचे दार नाहीसे झाल्यामुळे अन्न, विशेषतः गोड पदार्थ, एकदम लहान आतड्यात ओतले जात. आतड्याच्या पोकळीत पाणी खेचले जाई, आणि जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत रुग्णाला घाम सुटणे, छाती धडधडणे, पोटात कळा येणे व डोळ्यांपुढे अंधारी येणे असा त्रास होई. या लक्षणसमूहाला ‘डम्पिंग’, म्हणजे ओतले जाणे, हे नाव १९२०च्या दशकापासून रूढ झाले. असे रुग्ण सहसा कृशच राहत, आणि त्यांचे वजन वाढत नाही ही त्या काळी शस्त्रक्रियेची उणीव समजली जाई. हीच उणीव चार दशकांनी उपचार म्हणून वापरली गेली.

त्याआधी शल्यविशारदांची नजर जठराऐवजी आतड्याकडे गेली होती. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी १९५२ साली लठ्ठपणासाठी लहान आतड्याचा १०५ सेंटिमीटर भाग कापून काढल्याची नोंद आहे. परंतु कापलेले आतडे परत जोडता येत नसल्याने तो मार्ग पुढे गेला नाही. अमेरिकेतील मिनेसोटा येथे क्रेमन, लिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली आतडे न काढता त्याचा बराचसा भाग वाटेतून वगळण्याची कल्पना प्रसिद्ध केली, आणि कॅलिफोर्नियात पेन व डीविंड यांनी १९६०च्या दशकात तिला ठरावीक रूप दिले. त्यांच्या मोजमापानुसार लहान आतड्याचे सुरुवातीचे १४ इंच शेवटच्या ४ इंचांना जोडले जात. म्हणजे सुमारे ६ मीटर लांबीच्या नळीपैकी जेमतेम ४५ सेंटिमीटर नळी अन्नाच्या वाटेवर राही आणि उरलेली पोटातच बंद गल्लीसारखी पडून राही. तिला ‘जेजुनो-इलियल बायपास’ असे नाव मिळाले. जेजुनम हा लहान आतड्याचा मधला आणि इलियम हा शेवटचा भाग होय.

या शस्त्रक्रियेचे सुरुवातीचे आकर्षण समजण्यासारखे होते, कारण तिने रुग्णाच्या ताटाला हातही लावला नाही. हवे ते आणि हवे तेवढे खाल्ले तरी ते अंगी लागत नसे, आणि पहिल्या वर्षात वजन झपाट्याने उतरे. पण न पचलेली चरबी मोठ्या आतड्यात उतरली की दिवसातून अनेकदा पातळ शौचास जावे लागे, आणि कचेरीत, प्रवासात, लग्नसमारंभात शौचालय जवळ आहे की नाही याचा हिशेब हाच दिनक्रमाचा कणा होऊन बसे. जुलाबांवाटे पोटॅशियमसारखे क्षार निघून जात. मुतखड्याची गोष्ट तर रसायनशास्त्राच्या पाठासारखी आहे: अन्नातील ऑक्झलेट एरवी कॅल्शियमशी बांधले जाऊन शौचावाटे बाहेर पडते, न पचलेल्या चरबीने ते कॅल्शियम आधीच अडवून ठेवले म्हणजे मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाते आणि मूत्रपिंडात त्याचे खडे होतात. बंद गल्लीतल्या आतड्यात जंतू माजत, त्यातून सांधे सुजत, आणि काही रुग्णांच्या यकृताची हानी मृत्यूपर्यंत गेली. शरीर बारीक झाले, पण बरे झाले नाही, अशी ही अवस्था होती. डिसेंबर १९७८मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलावलेल्या तज्ज्ञ परिषदेत या पद्धतीची तुलना जठरावरील नव्या शस्त्रक्रियेशी झाली, आणि १९८०च्या दशकात आतड्याचा बायपास मागे पडला. अनेकांची आतडी पुन्हा उघडून पूर्ववत जोडावी लागली, आणि जोडल्यावर गेलेले वजन बहुधा परत आले.

जठरावरील ती नवी शस्त्रक्रिया आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांची होती. अल्सरसाठी जठर कापलेले लोक कृश राहतात हे जुने निरीक्षण त्यांनी उलटे करून वाचले, आणि चिकाशी इतो यांच्यासह १९६७ साली ‘गॅस्ट्रिक बायपास’ प्रसिद्ध केला. जठराच्या वरच्या टोकाशी एक लहान कप्पा ठेवायचा, उरलेले जठर बाजूला सारायचे आणि त्या कप्प्याला लहान आतड्याची नळी जोडायची, असे तिचे स्वरूप होते. पुढे १९७७च्या सुमारास या जोडणीला इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आकार देण्यात आला, जेणेकरून पित्त उलटे वर चढू नये; हा आकार लोझानचे शल्यविशारद सेझार रू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जठराच्या शस्त्रक्रियेसाठी वापरला होता, म्हणून ही जोडणी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. आता वरचा कप्पा १५ ते ३० मिलिलिटर इतका लहान ठेवतात. आतड्याच्या बायपासनंतर माणूस पूर्वीसारखाच जेवत असे. या शस्त्रक्रियेनंतर मात्र त्याचे जेवणाशी असलेले नातेच बदलले.

मेसन यांच्या स्वभावातील एक दुर्मीळ गोष्ट अशी की, स्वतःच्या शस्त्रक्रियेवर त्यांनी आंधळा लोभ ठेवला नाही. आतड्याची वाट मुळीच बदलू नये, म्हणजे पुढे जीवनसत्त्वांची आणि लोहाची तूट पडणार नाही, या विचाराने त्यांनी १९८०मध्ये जठराला उभ्या रेषेत पिना मारून त्याच्या तोंडाशी न ताणणारा पट्टा बसवण्याची सोपी पद्धत सुरू केली. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ती निर्दोष दिसत होती. तिला हरवले ते जेवणघराने. अरुंद वाटेतून पोळी, भात, मांस यांचा घास अडे आणि उलटी होई. आइस्क्रीम, चॉकलेट, दुधाची गोड पेये मात्र विनासायास खाली उतरत. पोटाची वाट धरून ठेवणारा पट्टा माणसाला हळूहळू नेमक्या त्याच पदार्थांकडे ढकलू लागला, ज्यांच्यापासून त्याला दूर ठेवायचे होते. व्हर्जिनियातील हार्वी शुगरमन यांनी १९८७ साली दोन्ही पद्धतींची तुलना प्रसिद्ध केली तेव्हा, गोडखाऊ रुग्णांत पट्ट्यापेक्षा बायपास उजवा ठरला, आणि त्याचे श्रेय तेव्हा डम्पिंगला देण्यात आले: गोड खाल्ले की शरीरच शिक्षा करते, म्हणून माणूस गोड सोडतो. हे स्पष्टीकरण पुढे अपुरे ठरले, हे खरे. तरीही १९२०च्या दशकातली तक्रार १९८०च्या दशकात राखणदार म्हणून उभी राहावी, हा या इतिहासातला सर्वांत विलक्षण फेरा म्हणावा लागतो.

डम्पिंगचे स्पष्टीकरण अपुरे ठरण्याचे कारण रुग्णालयाच्या खाटेवरच दिसत होते. नॉर्थ कॅरोलिनातील वॉल्टर पोरीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली ६०८ रुग्णांचा चौदा वर्षांचा आढावा छापला, त्यात मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा प्राकृत झालेली होती. आणि वजन फारसे उतरण्याआधी, शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांतच, अनेकांचे इन्शुलिन थांबवावे लागत होते. कमी जेवण्याने एवढे घडणार नाही, आतड्यातून रक्तात जाणारे काही संदेश बदलत असले पाहिजेत, हे त्यातून सूचित झाले. भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ साली जपानी संशोधकांनी शोधले, आणि बायपास झालेल्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण कमी असते हे २००२मध्ये दिसून आले. ‘मला भूकच लागत नाही’ हे रुग्णांचे वाक्य तोवर कौतुकाने ऐकले जात होते. आता त्याला शरीरक्रियेचा आधार मिळाला.

बरे होण्याच्या पहिल्या महिन्याचे रूप मात्र एका वेगळ्याच बदलाने पालटले. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत छातीच्या हाडापासून बेंबीपर्यंत चीर असे. जाड चरबीच्या थरात ती जखम पिकणे, पुढे तेथे हर्निया होणे, आणि दुखण्यामुळे माणूस पडून राहिल्याने पायातील रक्तात गुठळी धरून ती फुप्फुसात जाणे, ही त्या काळातील नेहमीची भीती होती. सॅन डिएगो येथे विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी १९९३मध्ये दुर्बिणीद्वारे, म्हणजे पोटावर पाच-सहा लहान छिद्रे पाडून, गॅस्ट्रिक बायपास केला आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध केला. १९९३मध्येच बेल्जियममध्ये सिलिकॉनचा फुगवता येणारा पट्टा दुर्बिणीने बसवण्यात आला. कातडीखालच्या लहान झडपेतून सुईने मिठाचे पाणी भरून तो घट्ट वा सैल करता येई. पट्ट्याने एक दशक गाजवले, पण सरकणे, जठराच्या भिंतीत रुतणे आणि अपुरे परिणाम यांमुळे हजारोंच्या पोटातून तो काढावा लागला. त्याची जागा ‘स्लीव्ह’ने घेतली, जिच्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून उरलेल्याची बाहीसारखी अरुंद नळी करतात. मुळात ती अतिजड रुग्णांसाठी मोठ्या शस्त्रक्रियेची पहिली पायरी होती. काहींचे वजन पहिल्याच पायरीवर इतके उतरले की दुसरी पायरी चढावीच लागली नाही, आणि मधला थांबा मुक्काम होऊन बसला.

आजचा रुग्ण शस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळीच उठून चालू लागतो आणि दोन-तीन दिवसांत घरी जातो. खरे बरे होणे तेथून सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्याचे माप म्हणजे खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारी प्लास्टिकची छोटी टोपी. तिच्यात ३० मिलिलिटर पाणी, गाळलेले ताक किंवा मुगाच्या कढणाची वरची निवळ घेऊन ती दहा-पंधरा मिनिटांत घोट घोट संपवायची, आणि दिवसभर हेच करत राहायचे. आयुष्यभर तांब्याने पाणी प्यायलेल्या माणसाला ही टोपी प्रथम थट्टेची वाटते आणि दुसऱ्या दिवशी तीच पुरेनाशी नव्हे, तर उरू लागते. दोन आठवड्यांनी घट्ट पातळ पदार्थ, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न, असा हा क्रम साधारणपणे असतो. त्यानंतरही जेवताना पाणी प्यायचे नाही, जेवण आणि पाणी यांत अर्ध्या तासाचे अंतर ठेवायचे, प्रत्येक घास पुरता चावायचा आणि ताटात प्रथम प्रथिने संपवायची. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगितली जातात. शाकाहारी घरात, जेथे वरण हेच प्रथिनांचे दुसरे नाव असते, तेथे ती मुठीएवढ्या जठरातून पुरी करणे हे पनीर, ताक-दही, सोयाबीन आणि पावडरीच्या डब्यांचे रोजचे गणित होऊन बसते.

शरीर या तुटवड्याला एकदम नव्हे, आपल्या पंचांगानुसार उत्तर देते. थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शरीरात दोन-तीन आठवड्यांपुरतेच साठलेले असते, म्हणून सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला पहिल्या तीन महिन्यांतच हातापायांत बधिरता, तोल जाणे आणि भ्रम होऊ शकतो. तांदूळ सडून खाणाऱ्या समाजांत आढळणारा बेरीबेरी भरल्या घरात नव्याने अवतरतो तो असा. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस मूठमूठ गळतात, आणि बहुधा पुन्हा येतात. याच काळात वेगाने उतरणाऱ्या वजनामुळे पित्ताशयात खडे धरतात, म्हणून अनेक ठिकाणी सहा महिने त्यावर गोळ्या देतात. ब-१२चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो. त्यामुळे त्याची तूट दोन-तीन वर्षांनी, म्हणजे रुग्णाने स्वतःला बरे समजून तपासण्या सोडल्यानंतर, डोके वर काढते. हाडांचा हिशेब त्याहून संथ आहे. बायपासनंतर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही आणि हाडांची घनता घटते. पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रीच्या बाबतीत हीच घट रजोनिवृत्तीमुळे होणाऱ्या घटीत मिसळते. तिशीतल्या शरीराला परवडणारी चूक पन्नाशीतल्या शरीराला परवडत नाही, ती अशी. कातडीचेही तसेच आहे. वयाबरोबर तिची ताण सोसून परत आवळण्याची शक्ती गेलेली असते, त्यामुळे पन्नास किलो उतरवलेल्या देहावर दंड, मांड्या आणि ओटीपोट यांची कातडी घडी पडून लोंबत राहते, घडीत घाम साचून ती चिघळते, आणि काहींना ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात जावे लागते.

या वर्षांचा सर्वांत चिकाटीचा हिशेब स्वीडनने ठेवला. लार्स शेस्ट्रोम यांच्या नेतृत्वाखाली १९८७मध्ये सुरू झालेल्या ‘स्वीडिश ओबीस सब्जेक्ट्स’ या अभ्यासात ३७ ते ६० वर्षे वयाचे ४,०४७ लठ्ठ स्त्री-पुरुष होते; त्यांपैकी २,०१० जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्यांच्याशी १८ बाबतींत जुळणाऱ्या २,०३७ जणांना नेहमीचे उपचार मिळाले. चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले नाहीत, कारण शस्त्रक्रियेतील मृत्यूचे तेव्हाचे प्रमाण पाहता नीतिसमित्यांनी ते मान्य केले नाही. मृत्यू हाच मुख्य मोजमापाचा विषय असलेल्या अभ्यासाला मध्यमवयीन माणसेच उपयोगी होती, कारण याच वयात वजनाची किंमत मोजायला सुरुवात होते. २००७ साली, सरासरी अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, शस्त्रक्रिया न झालेल्या गटात १२९ आणि झालेल्या गटात १०१ मृत्यू नोंदले गेले होते. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते असे ठामपणे म्हणता येण्याजोगा पुरावा या शाखेला पहिल्या प्रयोगानंतर अर्धशतकाने मिळाला.

परंतु या अभ्यासाचे खरे मोल त्यातील वक्ररेषांत आहे. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या-दुसऱ्या वर्षी सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले, दहाव्या वर्षी ही घट २५ टक्क्यांवर आली. मेसन यांच्या उभ्या पिनांच्या पद्धतीत ती २५वरून १६वर, आणि पट्ट्यात २०वरून १४वर आली. मधुमेह असलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी ७२ टक्के लोक त्यातून मुक्त होते, दहाव्या वर्षी ३६ टक्केच उरले. जगण्याच्या गुणवत्तेची रेषाही पहिल्या वर्षी शिखरावर जाऊन सहाव्या वर्षापर्यंत उतरत गेली आणि मग स्थिरावली, तरी ती मूळ पातळीच्या वर राहिली. ज्याला घरचे लोक ‘परत जाड झाला’ म्हणून हिणवतात, तो बहुतेकदा या सरासरी रेषेवरून चालणारा माणूस असतो. २०२०मध्ये याच अभ्यासातून असे दिसले की, शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे ३ वर्षांनी जास्त होते, पण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते ५.५ वर्षांनी कमीच राहिले. चाळिशीपर्यंत शरीराने वाहिलेले ओझे उतरवता येते. ते वाहिल्याची खूण पुसता येत नाही.

मनाचा आणि घराचा हिशेब याहून गुंतागुंतीचा निघाला. २००७चे स्वीडिश निष्कर्ष ज्या वैद्यकीय नियतकालिकाच्या अंकात छापले गेले त्याच अंकात अमेरिकेतील युटाहचा एक अभ्यास होता: शस्त्रक्रिया झालेल्या ७,९२५ लोकांत एकूण मृत्युप्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ४० टक्क्यांनी कमी होते, पण अपघात आणि आत्महत्या अशा, रोगाशी संबंध नसलेल्या कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्क्यांनी जास्त होते. अमेरिकेतीलच दहा रुग्णालयांच्या पाहणीत २०१२ साली दिसले की मद्याचे व्यसन शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षी नव्हे, तर दुसऱ्या वर्षी वाढते, विशेषतः बायपासनंतर. कारण लहान कप्प्यातून मद्य न अडखळता आतड्यात उतरते आणि एका प्याल्याची नशा दोन-तीन प्याल्यांसारखी चढते. २०१८मध्ये स्वीडिश नोंदींवरून असे आढळले की, शस्त्रक्रिया झालेल्या विवाहितांत व सहजीवन जगणाऱ्यांत विभक्त होण्याचे प्रमाण वाढले आणि एकट्या असलेल्यांत नवे संबंध जुळण्याचे व विवाहाचे प्रमाणही वाढले. या दोन्ही गोष्टी एकाच कारणाच्या असाव्यात. वीस वर्षांच्या संसारात कोण बाहेर जाणार, कोण घरी राहणार, कोणी कोणाला सांभाळून घ्यायचे याची वाटणी शरीराच्या आकारावर बेतलेली असते, आणि आकार बदलला की वाटणीही मोडते.

तरीही मागे फिरण्याची इच्छा क्वचितच दिसते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत, वजन उतरलेल्या ४७ जणांना पुन्हा पूर्वीसारखे लठ्ठ होणे आणि एखादे व्यंग यांतून निवड करायला सांगितले होते. सर्वांनी बहिरेपण पत्करले, ४३ जणांनी एक पाय कापणे आणि ४२ जणांनी आंधळेपण पत्करले. आरोग्यापेक्षा लोकांच्या नजरेचा वाटा या उत्तरांत किती मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

भारतात ही शस्त्रक्रिया दुर्बिणीच्याच युगात रुजली, त्यामुळे आतड्याच्या बायपासचा कडू अध्याय येथे फारसा घडला नाही. येथील प्रश्न आरंभीच वेगळा होता: कोणाला लठ्ठ म्हणायचे? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो आकडा येतो त्याला बीएमआय म्हणतात, आणि १९९१च्या अमेरिकी परिषदेने शस्त्रक्रियेसाठी तो ४० किंवा, सोबत गंभीर आजार असल्यास, ३५ असावा असे ठरवले होते. शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर वैद्यकीय देखरेख हवी, हेही त्याच परिषदेने सांगितले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीर बारीक दिसूनही आतून मेदाळ असते हे दाखवले, आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याच्या शेजारी स्वतःचे छायाचित्र छापून दोघांचा बीएमआय सारखाच असूनही त्यांच्या शरीरातील चरबीत दुपटीहून अधिक अंतर असल्याचे २००४ साली जगापुढे मांडले. याच विचाराने २००९मधील भारतीय तज्ज्ञांच्या एकमताने ही मर्यादा ३७.५ आणि ३२.५वर आणली. म्हणजे अमेरिकी नजरेला जेमतेम जाड वाटणारा, पण चाळिशीतच मधुमेह, रक्तदाब आणि घोरण्याच्या विकाराने घेरलेला माणूस येथे शस्त्रक्रियेच्या टेबलावर येऊ लागला.

त्याच्या बरे होण्याची परीक्षा पंगतीत होते. आग्रह हा ज्या समाजात प्रेमाचा मापदंड आहे, तेथे एक पुरी आणि दोन चमचे वरण-भात घेऊन हात आवरणारा पाहुणा यजमानाला अपमान वाटतो. म्हणून कित्येक जण शस्त्रक्रियेची गोष्ट लपवतात आणि ‘ॲसिडिटी आहे’ म्हणून सुटका करून घेतात. पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया करून तालुक्याच्या गावी परतलेल्याचा पाठपुरावा तर गावातल्या डॉक्टरवरच येऊन पडतो. गुडघे दुखतात म्हणून तो सवयीने वेदनाशामक गोळी लिहून देतो, आणि बायपासच्या जोडापाशी त्याच गोळीने अल्सर होऊ शकतो. मुंग्या येतात म्हटल्यावर ब-१२ आठवावे, उलट्या म्हटल्यावर साखर असलेली सलाइन चढवण्याआधी थायमिन द्यावे, हे त्याला कळण्याचा एकच मार्ग असतो: कपाटात ठेवलेली, कोपरे दुमडलेली प्लास्टिकची फाइल, तिच्यातले डिस्चार्ज कार्ड, आणि त्या कार्डावर हाताने काढलेली, आतड्याची नळी कोठे तोडून कोठे जोडली आहे हे दाखवणारी तीन रेघांची आकृती.